काखेतीची वाइन, राजापेठेचं नाक

१७ मार्च, रविवार

स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू, आजच्या तारखेपर्यंत:

पत्र्याचे कूलर, अकराशे बारा. परत आलेले चार. त्या चारांतही चूक गिऱ्हाइकाचीच होती.

बाटल्या आडव्या ठेवायची लोखंडी मांडणी, चोवीस खाचांची. प्रत्येक खाच तोंडाकडे चार अंश उतरती, म्हणजे बूच ओलं राहतं. कोनमापकानं मोजलेले चार अंश, अंदाजानं नाही.

जुन्या फ्रिजमधून केलेलं वाइनचं कपाट. बाहेर पंचेचाळीस असो, आत चौदा. साडेचौदा झालं की घंटी वाजते.

वासांची पेटी. होमिओपॅथीच्या छत्तीस रिकाम्या बाटल्या, आत संत्र्याची सुकी साल, अक्रोड, जर्दाळू, मध, चिंच, गूळ, काळा चहा, जुन्या चपलेचं चामडं वगैरे. अशी पेटी परदेशात विकत मिळते. तिची किंमत वाचली आणि मी बाटल्या धुवायला घेतल्या.

मुलगी प्रणाली यादीत धरली नाही. त्यात ताराचाही हात आहे.

यादी करायचं कारण असं. काल अकोल्याहून जीवनभाऊंचा फोन आला. बायपासवर त्यांचं हॉटेल आहे, परवाना वगैरे सगळं असलेलं. जॉर्जियाच्या सहा वाइन ते मुंबईच्या आयातदाराकडून मागवणार आहेत. कोणत्या ठेवायच्या हे ठरवायला आणि गिऱ्हाइकाला समजावून सांगायला माणूस पाहिजे. मेन्यूकार्डाच्या शेवटी ओळ छापतील: ‘वाइनची निवड : गोवर्धन खारोडे.’ पण आधी परीक्षा, १९ मेला, चार लोकांसमोर.

“भाऊ, वाइनमधलं तुमचं शिक्षण काय?” त्यांनी विचारलं. लिहून पाठवतो म्हणालो. आता वरची यादी पाहतो, तर शिक्षण त्यात कुठंच नाही. पाठवली तशीच.

एकोणतीस वर्षं या राजापेठेत मला ‘कूलरवाले’ म्हणतात. रस्त्यात भेटलेला माणूस नमस्कार करायच्या आधी विचारतो, मोटार कावून आवाज करून राहिली? छापील अक्षरात दुसरं काही तरी म्हणवून घ्यायची ही एकच वेळ आहे. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी दुसरी येत नसते.

२१ मार्च, गुरुवार

भगवंतराव वकील दुकानात बसायला आले. त्यांना परीक्षकांत घेतलं आहे, कारण त्यांनी एकदा गोव्याला वाइन प्यायली होती. अकोल्यात एवढी पात्रता पुरते.

“जॉर्जिया म्हणजे अमेरिकेतलं न?”

“नाही. रशियाच्या खाली, तुर्कस्तानच्या वर.”

“तिथं वाइन होते? मले वाटलं, तिथं फक्त डॉक्टर होतात.”

हा टोमणा प्रणालीला होता. ती त्बिलिसीला एमबीबीएसच्या पाचव्या वर्षाला आहे. टोमणा सोडला तर मुद्दा बरोबर आहे. वऱ्हाडातली निम्मी पोरं तिथं शिकून राहिली, आणि एकाच्याही बापाला त्या देशाची खरी विद्या कोणती ते माहीत नाही. आठ हजार वर्षांपासून वाइन करतात ते. मातीचे माणसाएवढे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात, द्राक्षं साली-बियांसकट त्यात भरतात आणि तोंड बंद करून टाकतात. आपल्याकडे ज्वारीचं पेव असायचं, तसंच. पांढऱ्या द्राक्षाची वाइन त्यातून मधाच्या रंगाची होऊन निघते. हे सगळं काखेती नावाच्या भागात. तिथं मी गेलेलो नाही, पण नकाशा पाठ आहे.

पहिली बाटली प्रणालीनं तीन वर्षांपूर्वी आणली. घरमालकिणीच्या भावाची वाइन, प्लास्टिकच्या बाटलीत. त्यानंतर तिच्या वर्गातल्या अकोला, वाशीम, बुलढाण्याच्या प्रत्येक पोराला मी सुट्टीवर येण्याआधी फोन करतो. विमानातून माणशी दोन लिटर आणता येते. म्हणजे बाटल्या दोन, आणि अर्धा लिटर सरकारवर सोडलेलं.

फ्रान्स-फ्रान्स करणाऱ्यांना मी काही म्हणत नाही. महाग वस्तूची स्तुती करायला अक्कल लागत नाही, पावती लागते.

३ एप्रिल, बुधवार

नाकाबद्दल एकदा लिहून टाकावं. ही वही कोणी वाचत नाही.

दोन हजार एकवीसच्या एप्रिलात कोरोना झाला. वास गेला. सगळ्यांचा गेला, सगळ्यांचा आला. माझाही आला. किती आला हे मोजायचं यंत्र नाही, पण माझा हिशेब ऐंशी टक्के. उरलेले वीस टक्के अनुभवानं भरून निघतात. जीभ शाबूत आहे. आंबट, गोड, कडू, तुरट, सगळं स्वच्छ. डोळा तर कोणापेक्षाही चांगला आहे. आणि वाइन ही शेवटी बुद्धीनं प्यायची वस्तू आहे.

आज सकाळी दूध जळालं. मी तिथंच ओट्याजवळ बसून काखेतीच्या मातीवरचा लेख वाचत होतो. तारा अंगणातून धावत आली.

“अवो, घर भरलं धुरानं! तुमाले समजलं नाई?”

वाचत होतो, म्हणालो. खरंच वाचत होतो.

९ एप्रिल, पाडवा

गुढी उभारून, गोडधोड खाऊन सराव. वाइन र्काचितेली, मधाच्या रंगाची. (नाव असंच आहे. भगवंतरावांनी दोनदा म्हणून पाहिलं आणि पाणी मागितलं.)

सरावाची पद्धत मी बसवली आहे. ताराच्या हातात पेला द्यायचा. ती पीत नाही, एक थेंब नाही. नुसती हुंगते, तेही भाजी निवडता निवडता. तिला शास्त्र येत नाही. ती काहीतरी गावंढळ बोलते आणि मी त्यावरून योग्य शब्द काढतो.

“याले संत्र्याच्या सालीचा वास येते. वाळल्या सालीचा. अन् खाली चहाची गाळणी.”

मी वहीत लिहिलं: ‘सुक्या संत्रासालीचा गंध, तळाशी काळ्या चहाचा तुरटपणा.’

“अन् अक्रोड. पन अक्रोड जुना नाई, चांगला हाय.”

‘ताज्या अक्रोडाची छटा.’

मग मी पेला घेतला, नाक आत घातलं, डोळे मिटले. सगळं मिळालं. शब्द समोर असले की वास सापडतो.

तारा चांदूर बाजारची. वडिलांच्या संत्र्याच्या बागेत वाढली. लहानपणी शंभर पेट्यांतली एक सडकी संत्री कोणत्या पेटीत आहे ते दारातून सांगायची, असं तिचे भाऊ अजून सांगतात. हुशारी म्हणता येणार नाही. सवय आहे.

संध्याकाळी तिनं वासांची पेटी काढली आणि चिठ्ठ्या न दाखवता एकेक बाटली माझ्या नाकाशी धरली. मी चामड्याला जर्दाळू म्हणालो, चिंचेला मध. सहापैकी एक बरोबर आलं, लवंग, कारण ती बाटली हातात हलवली की आत वाजते.

बाटल्यांतला माल शिळा झाला आहे. बदलायला पाहिजे.

मग तारानं बाटल्या ओळीनं लावून ठेवल्या, चिठ्ठ्या समोर करून.

१४ एप्रिल, रविवार

माल बदलला. छत्तीसच्या छत्तीस नवे. तरी मंदच वाटतात. बाजारात चांगला माल राहिलाच नाही.

२६ एप्रिल, शुक्रवार

मतदान. दारूची दुकानं बंद. रांगेत भगवंतराव पुढं होते.

“काय मग, नाकाची तयारी?”

“रोज दोन तास.”

“सरकारनं आज नाक बंद ठेवायला सांगितलं आहे.”

घरी आलो तर तारा म्हणाली, “त्या लाल बाटलीतलं उद्या वतून टाका. ओल्या पुठ्ठ्याचा वास येऊन राह्यला.”

ही सापेरावी नावाची लाल वाइन होती, प्रणालीच्या मैत्रिणीनं कारंज्याहून पाठवलेली, काल उघडलेली. मी परत हुंगली, चाखली. मला उत्तम वाटली. कालच्या नोंदीत ‘भारदस्त’ असं लिहून ठेवलं होतं. मग पुस्तक काढलं. बूच खराब निघालं की वाइनला नेमका ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे.

‘भारदस्त’ खोडलं. वाइन मोरीत ओतली. नाकाचा हिशेब साठ टक्क्यांवर आणला आहे.

१० मे, शुक्रवार

अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. पुरणपोळी, आंब्याचा रस. प्रणालीचा व्हिडिओ कॉल आला.

“बाबा, आई सांगत होती—”

“आईला काय सांगायचं असते?”

“तुम्ही कान-नाक-घशावाल्याला दाखवा ना एकदा. वासाचे व्यायाम असतात. रोज तेच चार वास, सकाळ-संध्याकाळ, महिनोन् महिने. बऱ्याच जणांना फायदा होतो.”

“मी छत्तीस करतो.”

“चिठ्ठ्या वाचून नाही, बाबा.”

पाचव्या वर्षालाच हिला बापाचं निदान करता येऊन राहिलं. शिक्षण चांगलं दिसते तिथलं.

“आणि परीक्षेच्या दिवशी आईला सोबत न्या,” ती म्हणाली.

वाइनच्या परीक्षेला बायको घेऊन जायची, तीही न पिणारी! लोक म्हणतील, झिंगलेल्या नवऱ्याला घरी न्यायला आली. मी विषय बदलला. तिथं द्राक्षाच्या वेलींना आता फुलोरा आला असेल, म्हणालो. ती म्हणाली, माहीत नाही बाबा, मी हॉस्पिटलातून बाहेर पडले की झोपते.

१७ मे, शुक्रवार

अकोल्याचा पारा चव्वेचाळीस. जीवनभाऊंचा फोन: परीक्षा गच्चीवरच्या हॉलमध्ये, दोन एसी आहेत, पण दुपारी दोन्ही नांगी टाकतात. वाइन गरम झाली तर?

झाली तर काय, झालीच. गरम हॉलमध्ये र्काचितेली म्हणजे कढी. मी म्हणालो, व्यवस्था माझ्याकडे. माझाच सगळ्यात मोठा कूलर टेम्पोत घालून नेतो. साध्या कूलरला लाकडी गवत भरतात. याच्या तिन्ही ताट्यांना पाच किलो नवा वाळा भरला. वाळ्यावरून आलेली हवा मऊ असते. अशी परीक्षा काखेतीतसुद्धा झाली नसेल.

१८ मे, शनिवार

तारा आज चांदूर बाजारला गेली. उद्या तिच्या भाचीचं लग्न आहे. जाताना दारात थांबली.

“तिथं गेल्यावर पयले दुसऱ्या कोणाले हुंगू द्या. थे काय म्हणतात ऐका. मंग तुमी बोला.”

“परीक्षा माझी आहे. मी शेवटी बोलू?”

“तुमी त् शब्द चांगले लावता न. दुसऱ्याच्या बोलण्याले बी लावान.”

याचा अर्थ काय, ते विचारणार होतो. तेवढ्यात ऑटोवाल्यानं हॉर्न दिला.

तीन प्रकारांच्या नोंदी पाठ आहेत. उरलेले तीन रंगावरून आणि चवीवरून काढता येतील. नाक, समजा, चाळीस टक्के धरू. चाळीसवर माणूस पास होतो.

१९ मे, रविवार

परीक्षा झाली. उद्या लिहीन.

२० मे, सोमवार

तपशीलवार लिहितो. चूक झाली तरी तपशील चुकायला नको.

सव्वाअकराला कूलर सुरू केला. बारा वाजता हॉलमध्ये सत्तावीस अंश. परीक्षक चार: जीवनभाऊ, भगवंतराव, एक डॉक्टर, आणि हॉटेलचा आचारी गुणवंत. चौघांनी हवेची स्तुती केली. गुणवंत तर कूलरपुढून हलायला तयार नव्हता.

पहिला पेला मधाच्या रंगाचा. पांढऱ्या कागदावर धरून रंग सांगितला. पेला तीनदा फिरवला. नाक आत घातलं. ताराचं बोलणं आठवलं आणि मला राग आला, म्हणून मीच पहिला बोललो. सुकी संत्रासाल, ताजा अक्रोड, जर्दाळू, तळाशी काळा चहा. तीन मिनिटं बोललो. इतकं चांगलं मी आयुष्यात बोललो नसेन.

कोणी मान हलवली नाही. भगवंतरावांनी पेला हुंगला. परत हुंगला. रुमालानं नाक पुसून तिसऱ्यांदा हुंगला.

“गोवर्धन, मले त् वाळ्याचाच वास येऊन राह्यला.”

“मलाही,” डॉक्टर म्हणाले. “छान आहे. पण वाळाच आहे.”

गुणवंतनं पेला सोडून स्वतःचा हात हुंगला. “साहेब, माह्या हाताले बी वाळाच येते.”

जीवनभाऊ पेला घेऊन उठले, दार लोटून जिन्यात गेले. मिनिटभरानं परत आले. “बाहीर येते भाऊ! संत्र्याची साल, अक्रोड, चहा. गोवर्धनभाऊ म्हणते थे सगळंच्या सगळं हाय त्यात. पन इथं बसून...”

ते तिथंच थांबले. चौघंही माझ्याकडे पाहत होते.

डॉक्टरांनी विचारलं, डॉक्टर लोक विचारतात त्या आवाजात, “खारोडेजी, तुम्हाला वाळा येतो आहे ना?”

पाच किलो वाळा. याच हातांनी भरलेला, रात्रभर भिजवलेला, माझ्यापासून दोन हातांवर. ‘येतो’ म्हणायला काय लागत होतं? एकच तर शब्द होता, आणि शब्द लावण्यात माझा हात कोणी धरत नाही. मी कूलरकडे तोंड केलं आणि छाती भरून श्वास घेतला. गार वारा आला. नुसता गार वारा.

“नाही,” म्हणालो.

बाकीच्या पाच वाइन लोकांनी जिन्यात उभं राहून हुंगल्या, बेचाळीस अंशांत, घाम पुसत. मी हॉलमध्ये बसून राहिलो. पाहण्याचं आणि चाखण्याचं काम केलं. रंग सहाही बरोबर सांगितले. एका वाइनमध्ये साखर राहून गेली आहे, तेही सांगितलं, आणि ते बरोबर निघालं. कूलर उत्तम चालला.

परत येताना भगवंतराव टेम्पोत माझ्याशेजारी बसले. बडनेऱ्यापर्यंत त्यांनी एकही टोमणा मारला नाही. एवढी वाईट गोष्ट त्या दिवशी दुसरी कोणती झाली नाही.

नाक: शून्य. यापुढं हिशेब ठेवणार नाही.

२१ मे, मंगळवार

तारा लग्नाहून आली. तिला सगळं सांगितलं. वाटलं, हसेल.

“माहीत होतं मले,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“तुमी कोरोनातून उठले, त्या दिवशी फोडणीत हिंग जळाला अन् तुमी म्हणलं, वा, मस्त वास सुटला. तवापासून.”

म्हणजे तीन वर्षं झाली. तीन वर्षं ही बाई भाजी निवडता निवडता पेला हुंगत होती. मी विचारलं, सांगितलं कावून नाहीस? ती पदरानं बाटलीवरची धूळ पुसत म्हणाली, “तुमी खुश होते न.”

मग मी मागच्या तीन वर्षांच्या नोंदवह्या काढल्या. एकशे चार नोंदी. ज्या नोंदीत फक्त माझे शब्द आहेत, म्हणजे भारदस्त, राजस, खानदानी, त्या बाजूला केल्या. तशा सव्वीस. उरलेल्या अठ्ठ्याहत्तर नोंदींखाली लाल शाईनं ‘तारा’ असं लिहिलं. दुपारचा दीड तास गेला.

२२ मे, बुधवार

जीवनभाऊ स्वतः आले, अकोल्याहून, या उन्हात. सोबत मिठाईचा डबा. मला वाटलं, कूलरचे पैसे द्यायला आले.

“भाऊ, कार्डावर तुमचं नाव पक्कं.”

“जीवनभाऊ, तुम्ही रविवारी हॉलमध्येच होते न?”

“होतो न! म्हनून त् आलो. नाकाचं काय घेऊन बसले? गिऱ्हाइकाले असते का नाक? थो बोलणं आयकाले येते. तुमी तीन मिनिटं बोलले, अन् खरं सांगतो, मले कूलरसमोर बसून जर्दाळू दिसाले लागला होता.”

मी वह्या आणल्या. लाल शाई दाखवली. हे नाक माझं नाही, ताराचं आहे, म्हणालो. कार्डावर तिचं नाव छापा: ‘वाइनची निवड : तारा गोवर्धन खारोडे.’ ती सहाही बाटल्या हुंगून देईल. बोलायचं काम मी फुकट करतो.

जीवनभाऊ हसायलाच लागले. “वहिनीचं नाव? दारूच्या कार्डावर? अकोल्यात? काहून माह्या हॉटेलाले कुलूप लावता, भाऊ!” मग खुर्ची जवळ ओढून, आवाज खाली आणून म्हणाले, “असं करू. वहिनी इथं घरी बसून हुंगतीन. तुमी तिथं बोलसान. कोणाले समजते?”

आणि रक्कम सांगितली.

मी नाही म्हणालो. त्यांनी परत सांगितली. मी परत नाही म्हणालो. ज्याचा माल त्याचा शिक्का. मी कूलरवर दुसऱ्याच्या नावाची पट्टी कधी लावली नाही, आणि माझी पट्टी दुसऱ्याच्या कूलरवर लावू दिली नाही. हे त्यांना समजावून सांगितलं. त्यांना ते अर्धंच समजलं असावं. मिठाईचा डबा मात्र ठेवून गेले.

तारा चहा घेऊन आली तोवर त्यांची गाडी वळली होती. दोन कप ट्रेमध्ये तसेच. दाराआडून तिनं सगळं ऐकलं होतं.

“तुझी शान राखली,” मी म्हणालो.

“हो,” ती म्हणाली. ट्रे खाली ठेवला. “मले एक खेप इचारलं असतं त्...”

“काय विचारायचं होतं?”

“काई नाई. चहा घ्या, निवून राह्यला.”

कशाबद्दल म्हणत होती, समजलं नाही. जीवनभाऊंचा कप तिनं स्वतःच प्यायला, ओट्याशी उभं राहून, सावकाश.

तपशील राहू नये म्हणून लिहून ठेवतो. नाकारलेलं काम: बायपासवरच्या हॉटेलात जॉर्जियाच्या वाइनचा जाणकार, नाव माझं आणि नाक ताराचं. रक्कम: महिन्याला पंचेचाळीस हजार रुपये.